आमटीचा वास, आमटीला वास

मोघे सर आयुष्यात कधी मोघम बोलले नाहीत. बाहेर धो धो पाऊस पडत असला तर तुम्ही-आम्ही ‘पाऊस पडतोय’ म्हणून मोकळे होतो. सर खिडकीपाशी उभे राहून म्हणायचे, “पाऊस पडतोय असं मला दिसतंय.” दाराची कडी वाजली तर, “कडी वाजतेय असं मला ऐकू येतंय.” एवढं बोलून ते पुन्हा पुस्तकात डोकं घालायचे आणि दार उघडायला इंदूताई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून यायच्या. कडी खरंच वाजतेय का याची शहानिशा करणं हे त्यांच्या मते शास्त्राचं काम होतं आणि दार उघडणं हे बायकोचं.

सुरतेला नानपुऱ्यात आमची बिऱ्हाडं एकाच मजल्यावर समोरासमोर होती. सर तिथल्या एका आर्ट्स कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. माझे यजमान रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते आणि मी मराठी शाळेत व्याकरण शिकवायची. आम्ही खानदेशातले पाटील, ते रत्नागिरीकडचे मोघे. आपल्या मुलखात असतो तर एकमेकांच्या उंबऱ्यालाही शिवलो नसतो, पण सुरतेत मराठी बोलणारं माणूस समोर राहतं एवढ्या पुण्याईवर दोन्ही घरांतल्या वाट्या इकडून तिकडे फिरायच्या. सर माझ्या विषयाला ‘भाषेचं शवविच्छेदन’ म्हणायचे. मी त्यांच्या विषयाला काही म्हणायची नाही. जे दिसत नाही, ऐकू येत नाही आणि ज्याला हातही लावता येत नाही त्याला नावं तरी काय ठेवणार?

त्यांचा पहिल्या तासाचा पाठ मला तोंडपाठ होता, कारण तो पाठ ते जिन्यात, गच्चीवर आणि नळावर पाणी भरणाऱ्यांनाही फुकट ऐकवत. मेंदू कवटीच्या अंधाऱ्या खोलीत बसलेला असतो. त्याने कधी उजेड पाहिलेला नाही की आवाज ऐकलेला नाही. डोळे, कान, नाक, जीभ आणि कातडी हे पाच चपराशी बाहेरून जे काय सांगत येतील त्यावर तो बिचारा जग रचतो आणि हे पाचही चपराशी अट्टल थापाडे. इथवर आलं की सर चष्मा काढायचे, आवाज खाली आणायचे आणि म्हणायचे, “आणि खोलीत कुणी मालक बसलाय या भ्रमात राहू नका. आत कुणी नाही.”

कॉलेजातल्या मुली यावर काय म्हणत असतील देव जाणे. त्या काळी सुरतेत मानसशास्त्र हा मुलींचं लग्न ठरेपर्यंतचा विषय होता. गणित नाही, संस्कृत नाही, शिवाय सासूच्या मनातलं ओळखता येईल अशी आशा. अशा मुलींना वर्षाच्या सुरुवातीलाच ‘आत कुणी नाही’ म्हणून सांगितल्यावर एकीचे वडील, भागळ बाजारातले कापडवाले, तावातावाने कॉलेजात आले होते. मुलगी देवासमोर हात जोडेनाशी झाली होती, कारण हात जोडणारंच कुणी नाही म्हणाली. सरांना हा आपल्या अध्यापनाचा सर्वोच्च गौरव वाटला. घरी येऊन त्यांनी इंदूताईंना तो तीनतीनदा ऐकवला. इंदूताई म्हणाल्या, “आत कुणी नाही तर मग रोज दोन वाट्या भात जातो कुठे?”

“इंदू आणि इंद्रियं, दोन्हींवर कधी विश्वास ठेवू नये,” असं सर मला त्यावर म्हणाले. हे त्यांचं आवडतं सुभाषित. इंदूताईंनाही ते आवडायचं, कारण त्यात इंद्रियांच्या आधी त्यांचं नाव होतं.

‘आत कुणी नाही’ हे वाक्य तेवढं लक्षात असू द्या. सरांनी ते इतकी वर्षं इतक्या झोकात म्हटलं आणि एके दिवशी तेच वाक्य दुसऱ्या कुणीतरी त्यांच्या तोंडावर म्हटलं, इंदूताईंकडे बघून. तेव्हा ते खोटं पाडणं हा सरांच्या जिवाचा प्रश्न होऊन बसला. पण त्यांनी ते कसं पाडलं हे कळायला आधी एका विभक्तीच्या प्रत्ययाची हकिकत कळली पाहिजे, आणि ती कळायला सर कळले पाहिजेत. माझा नाइलाज आहे.

सर प्रयोगवादी होते. एकदा गच्चीवर त्यांनी तीन बादल्या मांडल्या. एकीत कढत पाणी, एकीत थंडगार, मधल्या बादलीत कोमट. एक हात कढत पाण्यात, दुसरा थंड पाण्यात बुडवून ठेवायचा आणि मग दोन्ही हात कोमट पाण्यात घालायचे. एका हाताला तेच पाणी गार लागतं, दुसऱ्याला गरम. कातडी नावाचा चपराशी कसा थापा मारतो ते यावरून सिद्ध व्हायचं होतं. पहिला मान त्यांनी माझ्या सासूबाईंना दिला. त्या अमळनेरहून चार दिवसांसाठी आलेल्या. सासूबाईंनी तिन्ही बादल्यांत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “तापेल पानी कसाले वाया घालतस, मास्तर?” सर आत घड्याळ आणायला गेले तेवढ्यात त्यांनी तापलेल्या पाण्यात आमच्या चादरी बुडवल्या, थंड पाण्यात त्या खळबळून काढल्या आणि कोमट पाण्याने गच्ची धुतली. सर घड्याळ घेऊन परत आले तेव्हा शास्त्र दोरीवर वाळत होतं.

दुसरा प्रयोग कॉलेजातला. आपल्या डोळ्यात एक जागा आंधळी असते. तिथे पडलेलं काहीही आपल्याला दिसत नाही, आणि दिसत नाही हेही कळत नाही. हे मुलींना पटवायला दुसरा मास्तर असता तर कागदावर एक फुली आणि एक ठिपका काढून देता. मोघे सरांनी फळ्यावर फुली काढली आणि ठिपक्याच्या जागी स्वतः उभे राहिले. डावा डोळा मिटा, उजव्या डोळ्याने फुलीकडे बघा, माझं डोकं दिसेनासं झालं की हात वर करा. वर्ग गच्च भरलेला. सगळ्या मुली माना पुढे-मागे करत, सरांच्या दिशेने एक डोळा मिटून बसल्या. काहींना हसू आवरत नव्हतं. नेमके त्याच वेळी प्रिन्सिपॉल व्हरांड्यातून चालले होते. ते अस्सल सुरती, शांत गृहस्थ. हे काय चाललंय म्हणून दारात थबकले आणि म्हणाले, “मोघेसाहेब, आ हुं चाले छे?”

सरांनी जागचं न हलता उत्तर दिलं, “मारुं माथुं देखाय छे के नहीं, एनी तपास चाले छे.”

प्रिन्सिपॉलांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं आणि निघून गेले. सरांचं डोकं जागेवर नसल्याचं त्यांना बहुधा प्रयोगावाचूनच दिसलं असावं.

एवढं होऊनही सर विभागप्रमुख झाले असते. ज्येष्ठ होते, वर्ग बुडवत नव्हते, आणि मुली का होईना, त्यांच्या वर्गात गर्दी असायची. नेमणूक कॉलेजच्या मंडळावरच्या एका शेठच्या हातात होती. शेठ जरीचे मोठे व्यापारी, घर चौकबाजाराकडे. चांदणी पडव्याला, म्हणजे आपल्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, सुरतेत घारी खायची पद्धत आहे. मावा, सुकामेवा आणि वर तुपाचा जाड थर, एक खाल्ली की माणूस तासभर विचार करू शकत नाही. त्या वर्षी शेठनी कॉलेजच्या सगळ्या मास्तरांना संध्याकाळी घारी खायला बोलावलं. शेठाणीबाईंनी घारी घरी करवून घेतली होती. मोघ्यांचं नाव नक्की होतं, फक्त शेठनी ते चारचौघांत उच्चारायचं बाकी होतं.

सर पायऱ्या चढले, नाक वर केलं, डोळे मिटले आणि अत्यंत प्रसन्न होऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “शेठ, तमारा घरमां तो पगथियेथी ज घारीनो वास आवे छे.”

आता मराठीत वास म्हणजे वास. फुलाचा येतो, गटाराचाही येतो. गुजरातीत चांगला असेल तर ती सुगंध, सुवास, सोडम, काय वाटेल ते. नुसती ‘वास’ म्हटलं की दुर्गंधी. सरांनी शेठना त्यांच्याच दारात, साजऱ्या दिवशी, घारी घाण मारतेय असं सांगितलं होतं. तो शब्द गुजरातीत स्त्रीलिंगी आहे आणि सरांनी तो पुल्लिंगी वापरला, ही माझी वेगळी तक्रार. शेठाणीबाईंनी घारीची ताटं आत नेली ती परत बाहेर आलीच नाहीत. आत एकेक घारी हुंगून बघणं चाललं होतं म्हणे. बाहेर सगळ्या प्राध्यापकवर्गाने नुसत्या भुसावर, म्हणजे त्या शेव-चिवड्यावर, चांदणं साजरं केलं. प्रमुखपद वर्षभराने एका कोवळ्या गृहस्थांना मिळालं. त्यांचं नाक, मला वाटतं, जन्मतः चोंदलेलं होतं.

दुसरा कुणी असता तर जाऊन चार शब्दांत माफी मागता. सरांनी शेठना समजावून सांगायचा प्रयत्न केला की वास ही केवळ संवेदना आहे, चांगली-वाईट ही मनाची लुडबुड. तेव्हापासून कॉलेजात त्यांना ‘वासवाळा साहेब’ म्हणू लागले.

त्या आठवड्यात एका दुपारी मी वाटी परत द्यायला समोर गेले तर सर पाटावर बसून हेच इंदूताईंना ऐकवत होते. गुजराती माणसाचं मन नाकाच्या आधी धावतं, म्हणून त्याचा शब्द बिघडला. मराठी भाषा शास्त्रीय. आपला ‘वास’ तटस्थ आहे. इंदूताई आमटी वाढत होत्या. गोडा मसाला, आमसूल, गुळाचा खडा, अशी त्यांची आमटी, आणि तिच्या बाबतीत मी तटस्थ राहूच शकत नाही. पळी तशीच हवेत धरून त्या म्हणाल्या, “आमटीचा वास आला की मी हाक मारायच्या आधी तुम्ही पाटावर येऊन बसता. आणि मंगळवारी आमटीला वास येतोय म्हणून वाटी सारलीत. नाक तुमचंच होतं ना दोन्ही वेळा?”

सर घास हातात धरून थांबले.

“चा म्हटलं की जेवण, ला म्हटलं की मोरी,” इंदूताई म्हणाल्या. “तुमचा तटस्थ शब्द तो, एका अक्षरावर उपाशी राहता तुम्ही. काय हो पाटीलबाई, कुठली विभक्ती ही?”

चा म्हणजे षष्ठी, असं मी दारातूनच सांगितलं. ला द्वितीयेचा की चतुर्थीचा यावर आमच्या लोकांत मारामाऱ्या आहेत, म्हणून तिथे मी खोकले. सरांनी हातातला घास तोंडात घातला. मग म्हणाले, “इंदू बरोबर आहे असं मला ऐकू येतंय.” शास्त्राच्या इतिहासात याहून मोठी शरणागती झाली नसेल.

त्या दिवसापासून त्या घरात एक रीत पडली. सर कॉलेजातून आले की उंबऱ्यात चपला काढता काढता नाक वर करायचे आणि म्हणायचे, “वास.” आतून लगेच प्रश्न यायचा, “चा की ला?” सरांनी ‘चा’ म्हटलं तर ताट मांडलं जायचं. ‘ला’ म्हटलं तर तेही मांडलं जायचं, पण उशिरा. समोरच्या दारात भाजी निवडत मी हे वर्षानुवर्षं ऐकलं. माझ्या आमटीबद्दल मात्र त्या घरात विभक्तीचा वाद नव्हता. काळा मसाला आणि लसूण घातलेली आमची खानदेशी आमटी इंदूताईंच्या कोकणी नाकाला कधी मानवली नाही. “पाटीलबाई, तुमची आमटी जिन्यातच भेटते हो,” म्हणायच्या आणि वाटी हसून ठेवून घ्यायच्या. ती वाटी पुढे धोब्याकडे जायची हे मला धोब्यानेच सांगितलं. त्याला ती फार आवडायची.

मग एका सकाळी इंदूताई ओट्यापाशी उभ्या होत्या त्या पळीसकट खाली आल्या. तापीच्या पुरातून सुरत सावरून दोन-चार वर्षं झाली होती, उन्हाळा नुकता चढत होता. आवाज ऐकून मी धावले तर सर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते आणि ‘इंदू पडलीय असं मला दिसतंय’ म्हणत होते. त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितका कुणाचा कधी आला नाही. नंतर लक्षात आलं, त्यांना दुसरं काही बोलताच येत नव्हतं.

इस्पितळात कळलं की मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा बंद पडला होता. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. पहिले काही दिवस डोळे मिटलेलेच होते. मग उघडले, पण कशावर ठरेनात. हाक मारली तर वळत नव्हत्या, हात दाब म्हटलं तर दाबत नव्हत्या. सर बाकावर बसून मला शिकवल्यासारखं सांगत होते. डाव्या मेंदूत वाणीचं केंद्र, त्याच्या जवळ उजव्या हाताचं. कॉलेजात हे चित्र ते गुलाबी खडूने काढायचे. सांगता सांगता थांबले आणि म्हणाले, “हे सगळं तिथे असतं. बाकीचं कुठे असतं हो, बाई?”

“बाकीचं म्हणजे?”

“बाकीची इंदू.”

मी त्यांच्यापुढे चहाचा पेला सरकवला.

डॉक्टर तरुण होता, वाईट नव्हता. कामाच्या रगाड्यात गोड बोलायला वेळ नसतो, एवढंच. त्याने बॅटरीचा झोत डोळ्यांवर मारला, तळव्याला टोचून पाहिलं आणि सरांना बाजूला घेऊन म्हणाला, “आंख खुल्ली छे, साहेब, पण अंदर कोई नथी.” घरी न्या, सेवा करा. व्यायाम, बोलायला शिकवणं वगैरे जे असतं ते इथे करून उपयोग नाही, ऐकणारं कुणी असलं तर ते करायचं. सर त्याच्याकडे बघत राहिले. बहुतेक त्यांना त्याचा आवाज ओळखीचा वाटला असावा.

त्यानंतर या गृहस्थांनी आपलं सगळं शास्त्र पिशवीत भरून इस्पितळात आणलं. टाळी वाजवून पाहिली, तोंडापुढे बोट फिरवून पाहिलं, घंटी आणली, आरसा आणला. मग नाकाकडे वळले. हिंग, कापूर, ओवा, कॉफी अशा बाटल्या एकेक करून इंदूताईंच्या नाकाशी धरायचे आणि त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचे. नर्सबाई वैतागल्या. वॉर्डातल्या एका म्हातारीने तर कोण वैदू आलाय म्हणून आपलीही नाडी पुढे केली. इंदूताई छताकडे बघत होत्या. ज्या माणसाने जन्मभर ‘दिसतं तेवढंच बोला’ म्हणून शिकवलं, त्याला काही दिसत नव्हतं, आणि तरी तो हटत नव्हता. मला हसूही येत होतं आणि त्या हसण्याची लाजही वाटत होती.

सरांचा डबा त्या दिवसांत मी न्यायची. एका दुपारी मी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. भात, भाजी आणि आमटी. ती आमटी मी तासाभरापूर्वी केलेली, एकदम ताजी होती, हे मी इथे मुद्दाम सांगून ठेवते. सरांनी सवयीने नाक वर केलं. तोंडातून निघून गेलं, “वास.”

आणि ते थांबले. इतक्या वर्षांच्या सवयीने आतून प्रश्न येईल म्हणून थांबले. प्रश्न आला नाही. एवढा बडबड्या माणूस, पण त्याला असं वाट बघताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग ते उठले, खाटेपाशी गेले आणि इंदूताईंच्या कानाशी वाकून म्हणाले, “इंदू, पाटीलबाईंच्या आमटीला वास येतोय.”

इंदूताईंच्या ओठांचा डावा कोपरा वर गेला. जिन्यात आमटी भेटल्यावर जायचा तसाच, फक्त अर्धा. मी पाहिला. माझ्या स्वयंपाकाचा अपमान होऊन मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

डॉक्टरला बोलावलं तर तो म्हणाला, स्नायू आहे, आपोआप हलतो. सर संतापतील असं मला वाटलं, पण त्यांनी मान डोलावली. एकदा घडतं ती गोष्ट, दुसऱ्यांदा घडतो तो प्रयोग, हे त्यांचंच वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरला खाटेच्या पायथ्याशी उभं केलं, माझा डबा उघडून ठेवला आणि म्हणाले, “इंदू, बाईंच्या आमटीला वास येतोय.” कोपरा वर गेला. डॉक्टर हाताची घडी घालून उभा होता. सरांनी घसा साफ केला. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, “इंदू, बाईंच्या आमटीचा काय सुरेख वास येतोय.”

इंदूताईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी उशीवर डोकं हळूहळू फिरवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

“पण साहेब,” दोन्ही वेळा तोच शब्द ऐकून डॉक्टर म्हणाला, “बंने वखते तमे तो ‘वास’ ज बोल्या.”

सर त्याला प्रत्यय समजावायला लागले. चा आणि ला, षष्ठी आणि ती दुसरी भांडणाची. गुजरातीत सांगताना त्यांची जीभ अडखळली, चष्मा घसरला. डॉक्टरने स्वतः करून बघावं म्हणून वाकून ‘आमटीना वास’ असं काहीतरी म्हटलं आणि एक तिसरीच विभक्ती जन्माला घातली. इंदूताईंनी डोळे मिटून घेतले. सरांनी चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, “डॉक्टर, ए अंदर छे.”

ती आत आहे. असं मला दिसतंय नाही, असं मला वाटतंय नाही. आहे. सरांच्या तोंडून शेपूट न लावलेलं वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टरने त्या भिंतीकडे फिरवलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. व्याकरण त्याला कळलं नाही, पण रुसलेली बायको कळली असावी, कारण त्याचंही नुकतंच लग्न झालं होतं. दुसऱ्या दिवसापासून व्यायाम सुरू झाले.

इंदूताई घरी आल्या तेव्हा पावसाळा सरत होता. डावा हात चालायचा, उजवा मांडीवर ठेवलेला असायचा. हळूहळू शब्दही आले, पण सुटे सुटे. पाणी. उशी. दार. पाऊस. प्रत्यय एकही आला नाही, क्रियापद कधीमधी. या दुखण्यात असं होतं म्हणे, नामं परत येतात आणि त्यांना जोडणारं बारीकसारीक हरवतं. मी जन्मभर मुलांच्या वह्यांत ज्या बारीकसारीक चुकांखाली तांबड्या रेघा मारल्या, ते सगळं एका माणसाच्या डोक्यातून गेलं आणि तरी माणूस पूर्ण होतं. सर आता स्वयंपाक करायचे. त्याबद्दल मी मोघमच बोलेन. कडी वाजली की मात्र धावत येऊन दार उघडायचे.

यजमानांची भुसावळला बदली झाली तेव्हा सर निवृत्त झालेले होते. सामान स्टेशनवर गेलं आणि मी निरोप घ्यायला समोर गेले. दुपार होती. इंदूताई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. मी हळदीकुंकू लावलं, त्यांनी डाव्या हाताने माझ्या गालाला हात लावला. एवढ्यात सर आतून पळी घेऊन आले. कॉलेजात गुलाबी खडू मिरवायचे त्याच ऐटीत. पळीत त्यांनी केलेली आमटी होती, गोडा मसाला आणि आमसुलाची, इंदूताईंच्या पद्धतीची असा त्यांचा दावा. त्यांनी ती इंदूताईंच्या नाकाशी धरली.

इंदूताईंनी नाक वर केलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “वास.”

सर पळी धरून उभे. “चा की ला?”

इंदूताई बोलल्या नाहीत. बोलता येत नव्हतं की बोलायचं नव्हतं, हे मला कळलं नाही आणि सरांच्या शास्त्रालाही कळण्यासारखं नव्हतं. इंदूताईंनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि ओठांचा डावा कोपरा वर गेला. खरं सांगायचं तर डाळ करपली होती, ला होता. पण मला कुणी विचारलं नव्हतं. आमटी सरांच्या मनगटावरून ओघळत होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागले. खाली टांगेवाला घाई करत होता. रस्त्यावर आले तरी वरून खिडकीतून ऐकू येत होतं, “सांग ना, इंदू. चा की ला?”